सहीपुरता शहाणा

रुग्णालयांचं रुग्णाबद्दल एक पक्कं मत असतं: याला काही कळत नाही. हे मत ती मंडळी चोवीस तास जपतात. फक्त सही घ्यायच्या वेळी पाच मिनिटं बाजूला काढून ठेवतात. त्या पाच मिनिटांत हा अडाणी, भित्रा, 'नेटवर वाचून येऊन डोकं खाणारा' प्राणी एकाएकी प्रकांडपंडित होतो. बारीक टायपातली इंग्रजी कलमं त्याला उमगलेली असतात. भुलीचे धोके त्याने तोलून पाहिलेले असतात. पर्यायी उपचारांचा तौलनिक अभ्यास झालेला असतो. आणि 'हे सर्व मला माझ्या मातृभाषेत समजावून सांगण्यात आले आहे' या वाक्याखाली त्याने सही ठोकलेली असते. ते वाक्य अर्थातच इंग्रजीत असतं. कागद फाइलीत गेला की पंडितजी पुन्हा ढ. मग त्यांनी विचारावं, 'डॉक्टर, घरी गेल्यावर मला जिना चढता येईल ना?' आणि उत्तर यावं, 'आजी, टेन्शन नाही घ्यायचं. आम्ही आहोत ना!'

आहात हो. पण जिन्यात नसता.

गेल्या वर्षी माझ्या आत्याचा गुडघा बदलला. पुण्यातल्या एका चकचकीत रुग्णालयात. नाव सांगत नाही. तुमच्या मनात जे आलंय ते धरून चाला, फारसा फरक पडणार नाही. तिला ऑपरेशनसाठी 'तयार' करण्यात आलं अशी फाइलीत नोंद आहे. तयारी अशी: काचेच्या केबिनमध्ये ब्लेझर घातलेल्या एका काउन्सेलर मुलीने आम्हाला समोर बसवून चांगली अर्धा तास शिकवणी दिली. जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स. खोली बदलली की सर्जनची फी बदलते, हे अद्वैत मला तिथेच कळलं. गुडघा तोच, हात तोच, करवत तीच. पण डिलक्सातल्या हाडावर ती महाग चालते. मग पॉलिसीत रूम रेंट किती, को-पे किती, डिपॉझिट कार्डाने की ऑनलाइन. पोरगी हुशार होती, एकही शंका शिल्लक ठेवली नाही. आत्या या सगळ्या वेळात शेजारच्या खुर्चीवर बसून होती. तिला त्या मुलीने एकच प्रश्न विचारला. 'आजी, आधारकार्ड आणलंय ना?'

जे विचारायला हवं होतं ते असं: कितव्या मजल्यावर राहता? लिफ्ट आहे का? संडास कमोडचा की देशी? रात्री सोबतीला कोण? चार प्रश्न, फुकटचे. आत्या तिसऱ्या मजल्यावर राहते, सोसायटी जुनी, लिफ्ट नाही, संडास उकिडवं बसायचा. गुडघा बदललेल्या माणसाने उकिडवं बसायचं नसतं, हे त्या इमारतीत सर्जनपासून सिक्युरिटीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला कळलं ते आत्या घरी जायला व्हीलचेअरवर बसल्यावर. 'घरी कमोड आहे ना?' असं एक सिस्टर जाता जाता म्हणाली, 'डबा आणलाय ना?' अशा सुरात. आतोबा तसेच कमोड चेअर शोधायला पळाले. वॉकर आणला, तर तो बाथरूमच्या दारातून जाईना. जुन्या घरांची बाथरूमची दारं केवढी असतात ते तुम्हाला माहीत आहे. वॉकर दाराबाहेर, आत्या दारात, आणि आतोबा मागून तिची कंबर धरून उभे. पंधरा दिवस आधी कुणी नुसतं 'दार मोजून ठेवा' म्हटलं असतं तर? पण मोजपट्टीला बिलात रकाना नसावा.

आता उपाशीपोटाचा महिमा. 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही.' ऑपरेशन सकाळी सातचं असो की दुपारी तीनचं, बारा म्हणजे बारा. या व्रताची कथा ऐका, म्हणजे उद्यापनाची वेळ कधीच टळून गेली आहे हे कळेल. 1946 साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या प्रसूतितज्ज्ञाने दाखवून दिलं की भुलीत असताना पोटातलं अन्न आणि आम्ल फुप्फुसात उतरलं तर बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतं. खरंच होतं ते, आजही खरं आहे. पण पुढे भूलशास्त्राने मोजमापं केली. पाणी पोटात रेंगाळत नाही, पटकन पुढे जातं, हे दिसलं. 1999 मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने लिहून दिलं: एरवी धडधाकट माणसाला ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, हलक्या खाण्यानंतर सहा तास थांबा, तळकट, जड जेवणानंतर आठ. मधुमेहवाल्यांचं, गरोदर बाईचं, पोट सावकाश रिकामं होणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं, ते भूलतज्ज्ञाने ठरवावं. म्हणजे माणसाला बघून ठरवावं, आणि ठरवलेलं त्याला सांगावं.

आमच्या वॉर्डांत मात्र बाराचा ठोका अढळ आहे. का? सोपं पडतं. एकच वेळ, एकच पाटी, यादीत कोण वर-खाली झालं तरी सगळे उपाशी तयार. दुपारी तीनपर्यंत घसा कोरडा ठेवून पडलेली एखादी सत्तरीची बाई स्वतःच्या पोटासाठी नव्हे, थिएटरच्या वेळापत्रकासाठी उपास करत असते. पुण्य कुणाच्या खात्यात जातं कोण जाणे.

आणि कारण न सांगता घातलेल्या नियमाचं आमची माणसं काय करतात? त्यातून वाट काढतात. 'पाणी नको म्हणाले, चहा कुठे नको म्हणाले?' अर्धा कपच तर घेतला! आता दुधाचा चहा पोटाच्या हिशेबात खाण्यात जमा होतो. जे चाललं असतं ते पाणी आजी निष्ठेने टाळतात, आणि जे चालत नाही तो चहा निष्पाप मनाने घेतात. ऑपरेशन रद्द. सर्जनसाहेब कपाळाला हात लावतात: 'हे पेशंट ना, ऐकतच नाहीत!' साहेब, ऐकायला आधी कुणीतरी बोलावं लागतं.

गोळ्यांचंही तेच. फिजिशियनचा 'फिटनेस' आणायला आम्ही रांगेत उभे राहतो, ईसीजी होतो, शिक्का बसतो. पण घरातल्या गोळ्या एका पिशवीत भरून आणा आणि टेबलावर ओता, असं किती जण सांगतात? आमच्याकडे औषधाची ओळख रंगावरून असते. सकाळची गुलाबी, रात्रीची अर्धी पांढरी, आणि एक वैद्यांची पुडी, जिच्याबद्दल बोलायचं नाही, कारण डॉक्टर ओरडतात. त्यांतली एखादी गुलाबी रक्त पातळ करणारी असते. एखादी मधुमेहाची, अलीकडे घरोघर पोहोचलेली डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी चालू असताना उपाशी राहून ऑपरेशन झालं, तर साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्लं साचू शकतात. म्हणून ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी ती थांबवावी, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये माहितीपत्रकात घालायला लावलं. (वाचून लगेच स्वतःच्या मनाने बंद करू नका. पिशवी घेऊन जा आणि विचारा. नाहीतर माझ्या नावाने शंख कराल.) डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही, असा हा सुखाचा संसार चाललेला असतो. मोडतो तो थेट आयसीयूत.

सहीकडे परत येते, कारण तिथेच सगळी मेख आहे. या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्वच्छ सांगून ठेवलंय. दिल्लीतल्या एका बाईंना दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून भूल दिली. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजकोश काढून टाकले. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. बाई सज्ञान आहे, तातडी नव्हती, शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारायचं. आईची सही चालत नाही. शिवाय काय करणार, कशासाठी, त्यात धोके काय, दुसरे मार्ग कोणते, केलं नाही तर काय होईल, हे माणसाला पुरेसं सांगितलेलं असलं तरच ती संमती. यावर आपल्या रुग्णालयांनी काय धडा घेतला? फॉर्म लांब केला. पूर्वी एक पान असायचं, आता पुस्तिका असते. प्रत्येक पानावर सही. आत्याने इतक्या सह्या तर घर घेताना रजिस्ट्रारपुढेही केल्या नव्हत्या.

आणि सनद! आपल्या राज्यात शुश्रूषागृहांच्या नियमांत 2021 मध्ये सुधारणा झाली. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. लावलीय हो, सगळ्यांनी लावलीय. मी पाहिलेली एक सनद पाण्याच्या कूलरच्या मागे होती. हक्क वाचायचे तर कूलर सरकवावा लागतो, आणि कूलरवर लिहिलंय, 'कृपया हात लावू नये'.

श्वासाच्या खेळण्याबद्दल सांगितलंच पाहिजे. प्लास्टिकचा डबा, त्यात तीन रंगीत गोळे, एक नळी. ऑपरेशननंतर माणूस दुखण्याच्या भीतीने वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग फुगत नाही, तिथे कफ साठतो, निमोनिया होऊ शकतो. म्हणून नळीतून श्वास आत ओढून गोळे वर चढवायचे. स्वस्त आणि शहाणी वस्तू. ती शिकवायची कधी? आधी. दुखत नसतं, डोकं ठिकाणावर असतं तेव्हा. आत्याच्या हातात ती पडली ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, मेडिकलच्या बिलासकट. 'आजी, हे करत राहा हं,' म्हणून पोरगा गेला. आत्या करत राहिली. दोन दिवस ती त्या नळीत चुलीत फुंकणी घालावी तशी जीव तोडून फुंकत होती. गोळे ढिम्म. तिला वाटलं आपली ताकदच गेली. फाइलीत मात्र रोज बरोबरची खूण: श्वसनाचे व्यायाम दिले.

तिची चूक कुणाच्या लक्षात आली माहितीये? वॉर्डातल्या मावशींच्या. फरशी पुसता पुसता त्या म्हणाल्या, 'अहो आजी, फुकताय काय? सरबत वढल्यागत वढा आत!' गोळे टणाटण वर. पलंगावरून उठायचं कसं, तेही त्यांनीच शिकवलं: आधी कुशीवर व्हा, मग कोपर टेकवा, पाय खाली सोडा, जरा दम खा, लगेच उभ्या राहू नका, चक्कर येती. त्या सबंध इमारतीत माझ्या आत्याला जी काही पूर्वतयारी आणि पश्चातकाळजी मिळाली ती या बाईकडून. बिलात त्यांचं नाव कुठेही नव्हतं. 'पेशंट एज्युकेशन' मात्र एका ओळीत होतं.

यावर आमचे आधुनिक सर्जन म्हणतील, बाई, तुम्ही जुन्या जमान्यात आहात, आम्ही आता जगात चाललंय तसंच करतो. हो का? काय चाललंय जगात? हेन्रिक केहलेट नावाच्या डॅनिश सर्जनने नव्वदच्या दशकात एक उपद्व्याप केला. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर आठवडाभर नि त्याहूनही जास्त पडून राहणारी माणसं त्याने दोन-तीन दिवसांत घरी धाडली. लवकर खायला घाल, लवकर चालव, दुखणं नीट आवर, अनावश्यक नळ्या घालू नको. त्यातून पुढे जे शास्त्र उभं राहिलं त्याच्या यादीतलं पहिलं कलम कोणतं? दाखल होण्याआधी रुग्णाला सगळं नीट समजावून सांगणं. आमच्या मंडळींनी ही यादी वाचली, पण उलटीकडून. शेवटी मिळणारं फळ, 'लवकर घरी', फार आवडलं, कारण खाट मोकळी होते. पहिल्या कलमापर्यंत पोहोचायला वेळच मिळाला नाही. त्यामुळे तिसऱ्या दिवशी घरी जाण्याचा वेग डेन्मार्कचा, आणि तयारी सत्यनारायणाच्या पूजेइतकीही नाही. पूजेला निदान सामानाची यादी मिळते.

'वेळच मिळत नाही हो!' हे वाक्य मला ससूनच्या किंवा केईएमच्या रेसिडेंट डॉक्टरने ऐकवलं तर मी मान खाली घालीन. छत्तीस तास उभं असलेल्या त्या पोराला मी कुठल्या तोंडाने सांगणार, आजींना नीट समजाव? पण ज्यांच्या लॉबीत कॉफीशॉप आहे, भिंतीवर धबधबा आहे, दारात टोपीवाला सलाम ठोकतो, त्यांना मराठीत दोन पानं छापायला वेळ आणि कागद नाही? आणि समजावायला डॉक्टरच पाहिजे असंही नाही. कर्नाटकात नारायण हृदयालयाच्या रुग्णालयांत नूरा हेल्थ या संस्थेने सुरुवात केली ती साध्या गोष्टीने: नर्सने नातेवाइकांना वॉर्डातच गोळा करायचं आणि जखम कशी बघायची, हात कसे धुवायचे, कशाला घाबरायचं नि कशाला नाही, हे दाखवून करून घ्यायचं. पुढे ते सरकारी रुग्णालयांतही गेलं. म्हणजे गर्दीच्या सरकारी वॉर्डात जमतं ते धबधब्याशेजारी जमत नाही.

आता डिस्चार्ज. सकाळी नऊला डॉक्टर म्हणतात, 'आज घरी!' आत्या साडी नेसून, वेणी घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसते. संध्याकाळी सहालाही ती तशीच बसलेली असते. विमा नियामकाने मे 2024 मध्ये बजावलंय की डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची, उशीर झाला तर वाढीव बिल कंपनीने सोसायचं. छान. मग फाइल विम्याचे दावे बघणाऱ्या टीपीएकडे जाण्याआधीच अडकते. तीन तास सुरू व्हायला आधी कागद निघावा लागतो ना! पण माझं भांडण त्या खोळंब्याशी नाही. माझं म्हणणं, हा दिवस रिकामा होता. आत्या शुद्धीत, घरचे हजर, करायला काही नाही. त्या अख्ख्या दिवसात कुणी येऊन सांगितलं का, की गुडघ्याखाली उशी ठेवू नका? शेवटच्या तीन मिनिटांत एक सिस्टर आली, पाढे म्हटल्यासारखी औषधं म्हणाली आणि फाइल दिली.

फाइल अशी. मेडिकल कौन्सिलने 2016 मध्ये सांगितलं, औषधं वाचता येतील अशी लिहा. आता छापूनच येतात. अक्षर सुवाच्य, मजकूर अगम्य. बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस. रोमन साम्राज्य बुडून दीड हजार वर्षं झाली, पण त्याचं लॅटिन आमच्या डिस्चार्ज कार्डावर सुखाने नांदतंय. आतोबा बँकेतून निवृत्त. त्यांनी चष्मा लावून टीडीएस वाचलं आणि म्हणाले, 'औषधावर पण कापतात?' दिवसातून तीनदा, एवढं मराठीत लिहिलं असतं तर शास्त्राची काय अब्रू गेली असती?

घरी आल्यावर आमचा, म्हणजे नातलगांचा अंक सुरू होतो. तोही काही कमी नाही. पहिल्याच संध्याकाळी चुलतसासूबाईंनी प्रेमाने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. बरं वाटतं, म्हणून ती तशीच राहते, गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो आणि मग सरळ होता होत नाही. मग आहारशास्त्र: वरणभात नको, पू होतो, आंबट नको, टाके पिकतात, दही नको, सूज येते. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि ज्याच्यात ती असतात ते एकेक करून ताटातून उठवायचं. उरतं काय? साबुदाण्याची पेज. वर भेटायला येणारे. 'आमच्या साडूंचंही हेच ऑपरेशन झालं. अगदी छान झालं हो. महिन्याने गेले बिचारे.' चहा होतो, चिवडा होतो, आणि रुग्ण पलंगावर उशीला टेकून यजमानपद भूषवतो. ज्याने या वेळी खोलीत वीस पावलं चालायचं असतं तो मान डोलवत बसलेला असतो. पावलं चालायची, पोटऱ्या हलवायच्या, ते रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, हे त्यालाही माहीत नाही, साडूंनाही नव्हतं. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखायला लागली, धाप लागली, तर थांबायचं नाही, गाडी काढायची. हे एक वाक्य त्या पुस्तिकेएवढ्या फॉर्मात ठळक अक्षरांत कुठे असतं तर मी वरचे चार परिच्छेद मागे घेतले असते.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी मात्र रुग्णालयाला आत्याची आठवण आली. फोन आला. अतिशय मधाळ आवाजाचा मुलगा. 'मॅडम, आमच्याकडचा आपला अनुभव कसा होता? एक ते दहामध्ये किती गुण द्याल?' आत्या म्हणाली, 'बाळा, पट्टी जरा ओली लागतेय, बदलू का? आणि टाके कधी काढायचे?' तो म्हणाला, 'ते मला नाही सांगता येणार मॅडम, त्यासाठी ओपीडीला फोन करा. मी फक्त फीडबॅक घेतो.' ओपीडीचा फोन आम्ही लावला. पट्टीसाठी कुठला आकडा दाबायचा ते त्यांनी सांगितलं नाही. हेल्थ चेकअपच्या सवलतीसाठी तीन दाबायचा होता.

गुण किती दिलेस, असं मी तिला नंतर विचारलं.

'दहा,' आत्या म्हणाली. 'मुलगा किती गोड बोलत होता गं.'